छत्रातील मध्यरात्रीची घंटा

कुंभकोणास जथ्याने आलेले सर्वांत जुने यात्रेकरू कोण, असे विचारले तर तेथील महामाघ तीर्थाच्या काठचे काशीविश्वनाथाचे देऊळ नऊ बायकांकडे बोट दाखविते. गंगा, यमुना, सरस्वती, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, कावेरी आणि शरयू या नऊ नद्या तेथे नवकन्यकांच्या रूपाने ओळीने उभ्या आहेत. आणि स्थलपुराण असे सांगते की, युगानुयुगे लोकांची पापे धुता धुता स्वतःच्या अंगी साचलेला मळ कोठे घालवावा हे गाऱ्हाणे घेऊन त्या शंकराकडे गेल्या, तेव्हा त्याने त्यांना कुंभकोणच्या तळ्यात बारा वर्षांतून एकदा स्नान करण्याची आज्ञा केली. ज्यांच्या काठी सारे जग थकवा टाकावयास जाते त्यांनाही थकवा येतो, आणि त्या थकव्यावर त्यांनाही यात्राच करावी लागते, ही कल्पना ज्या कोणा पौराणिकाला सुचली त्याने आयुष्यात पुष्कळ वृद्ध यात्रेकरू पाहिले असले पाहिजेत. कन्यका म्हटले तरी वयाने त्या पृथ्वीएवढ्या. आणि त्या एकेकट्या आल्या नाहीत, सगळ्या मिळून आल्या.

सिंहस्थ म्हटले की महाराष्ट्राला नाशिक-त्र्यंबकेश्वर आठवते. परंतु गुरु सिंह राशीत शिरला म्हणजे जसे गोदावरीचे पर्व सुरू होते तसेच, सूर्य कुंभेत आणि चंद्र मघा नक्षत्रात आला की, माघ-फाल्गुनाच्या सुमारास कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणातही महामाघ म्हणजे तामिळांचे ‘महामहम्’ भरते; एकाच ग्रहाच्या चालीवर दोन मुलखांतील म्हातारी माणसे घराबाहेर पडतात असे म्हणावयास हरकत नाही. सहा एकरांहून अधिक विस्ताराच्या त्या तळ्याच्या चारी काठांवर सोळा मंडप आहेत. तंजावरच्या नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याने ते बांधविले, आणि त्याच्या तुळादानाचे सोने त्या कामी लागले अशी तेथील परंपरा आहे. पुण्यासाठी सोने वेचले, पण त्याची सावली झाली. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला यापेक्षा उपयुक्त दान कोणते?

मला या सावलीपासूनच आरंभ करावयाचा आहे. प्रवासाचा इतिहास लिहिणारे बहुधा वाहनांचा आणि वेगाचा इतिहास लिहितात: बैलगाडी गेली, आगगाडी आली, आगगाडीमागून मोटार आणि विमान आले. वृद्धांच्या प्रवासाचा इतिहास मात्र या मापाने मोजता येत नाही, कारण वृद्ध माणूस किती चालला यावर त्याची यात्रा ठरत नसून त्याला कोठे, किती वेळ आणि कोणाच्या सोबतीने बसावयास मिळाले यावर ती ठरते. तो इतिहास मुक्कामाचा आहे. आणि मुक्कामाची विद्या दक्षिणेत कोणी पूर्णत्वास नेली असेल, तर ती कुंभकोणच्या परिसरावर जवळजवळ सव्वाशे वर्षे अंमल करणाऱ्या तंजावरच्या भोसल्यांनी, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

जुन्या काळी यात्रा हा म्हातारपणीचाच उद्योग होता. मुलाबाळांची लग्ने उरकली, देणेघेणे फिटले, जमिनीच्या वाटण्या झाल्या, म्हणजे गृहस्थ निरवानिरव करून निघे. परत येऊ याची खात्री नसल्यामुळे निरोप घेतला जाई तो शेवटचाच म्हणून, आणि सुखरूप परतला तर ब्राह्मण-भाऊबंदांना जेवू घालून मावंदे करी. काशीचे गंगोदक कावडीने नेऊन रामेश्वरास अभिषेक करावयाचा आणि सेतूची वाळू आणून प्रयागास सोडावयाची, असा दुहेरी संकल्प ज्याने सोडला त्याला हिंदुस्थानची लांबी पायांखाली घालावी लागे, आणि त्या वाटेवर कावेरीकाठची क्षेत्रे हा मोठा विसावा असे. पण येथेच यात्रेच्या इतिहासातील मूळ पेच आहे. संसारातून मोकळीक मिळण्याचे वय आणि गुडघे धरण्याचे वय एकच असते. पाय होते तेव्हा सवड नव्हती, सवड झाली तेव्हा पाय उरले नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत हा पेच अधिकच तीव्र होता. जिला सासर आणि माहेर याखेरीज तिसरा मुलूख कधी पाहावयास मिळाला नाही, आणि वैधव्य आल्यावर तर जिचा माजघराबाहेरचा वावरही खुंटला, त्या बाईला परगावी जाण्याचे एकच निमित्त समाजाने मान्य केले होते, ते म्हणजे तीर्थयात्रा. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई 1735 साली काशीयात्रेस निघाल्या तेव्हा त्यांच्या मागे पुत्राचा दरारा होता, त्यामुळे वाटेतील राजेरजवाड्यांनी त्यांचा आदरसत्कार केला. परंतु सामान्य घरातील आजीबाईंना दस्तक कोण देणार, नाक्यावरची राहदारी कोण चुकविणार आणि रानात संरक्षणाला बदरगा कोठून येणार? तिला एकच आधार होता, तो जथ्याचा. कोणी पोथी वाची, कोणी खर्चाचा हिशेब ठेवी, कोणी चूल मांडी. आणि ज्याचे पाय सर्वांत मंद, त्याच्या चालीने सारा जथा चाले. पंढरीच्या वारीत आजही ‘विसावा’ आणि ‘मुक्काम’ हे दोन शब्द किती जपून वापरतात ते ज्याने पाहिले आहे त्याला या शिस्तीचे मर्म कळेल: विसावा घटकाभराचा, मुक्काम रात्रीचा, आणि दोहोंच्या जागा पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या.

असा एखादा मराठी जथा कृष्णा-तुंगभद्रा ओलांडून कानडी आणि तेलुगू मुलूख मागे टाकी, तामिळ प्रांतात शिरल्यावर तर पाणी मागण्यासही ओंजळीची खूण करावी लागे, आणि मग तंजावरच्या हद्दीत पाऊल टाकताच त्याच्या कानांवर अवचित आपली भाषा पडे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजी यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हापासून 1855 साली राज्य खालसा होईपर्यंत तेथील दरबाराच्या कागदांवर मोडी चालली. कीर्तनकार, शास्त्री, कारकून, चिटणीस अशी मंडळी तंजावरप्रमाणे कुंभकोणासही स्थायिक झाली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे राजा सर टी. माधवराव 1828 साली याच कुंभकोणात जन्मले. आणि कुंभकोणी हे आडनाव महाराष्ट्रात आजही आढळते, ते या जुन्या येण्याजाण्याची आठवण देते.

पण यात्रेकरूला राजापेक्षा राजाच्या छत्राशी काम. संस्कृत ‘सत्र’, मराठी ‘छत्र’ आणि तामिळ ‘चत्तिरम्’ हे एकाच कुळातील शब्द. आपल्याकडे अन्नछत्र म्हणजे जेवणाची पंगत एवढाच अर्थ राहिला, पण तंजावरी छत्र ही त्याहून फार मोठी वास्तू असे. बाजूच्या गावांचे उत्पन्न तिला लावून दिलेले, देऊळ आणि पुष्करिणी जवळ, ओसऱ्या लांबरुंद, आणि नाव बहुधा राजघराण्यातील स्त्रीचे. नीडामंगलमचे यमुनांबापुर तंजावरच्या प्रतापसिंह राजाच्या काळचे. ओरत्तनाडूचे मुक्तांबापुर दुसऱ्या सरफोजीने मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ उभारले. दिवंगत प्रियेसाठी उत्तरेतील बादशहाने संगमरवराची कबर बांधली. येथे तिच्या नावाने चूल पेटत ठेवली गेली. बहुतेक छत्रे तंजावराहून रामेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावर होती, यावरून ती कोणासाठी बांधली हे निराळे सांगावयास नको.

1799 च्या तहनाम्याने राज्याचा कारभार कंपनी सरकारने घेतला आणि सरफोजीकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. अशा वेळी पदच्युतप्राय राजाने कशासाठी भांडावे? फौजेसाठी, तोफांच्या सलामीसाठी, मानमरातबासाठी भांडणारे पुष्कळ झाले. सरफोजीने जानेवारी 1801 मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास पत्र लिहिले ते छत्रांसाठी: ही छत्रे माझ्या हाती राहू द्यावीत, कारण ती माझ्या पूर्वजांची कीर्ती आहेत आणि त्यांत खंड पडला तर मला मुलखात तोंड दाखविता येणार नाही, असा त्याचा एकूण आशय. आणि छत्रात काय काय होते हे परक्या अंमलदाराला समजावे म्हणून त्याने तेथील वहिवाट बारकाईने सांगितली. मला हे पत्र मराठ्यांच्या दक्षिणेतील इतिहासातील सर्वांत मोठ्या मनाचा कागद वाटते.

त्या वहिवाटीप्रमाणे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूला, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांनाही शिजलेले अन्न मिळे. सोवळ्याच्या अडचणीने ज्याला शिजलेले चालत नसे त्याला मीठमसाल्यासह कोरडा शिधा मिळे. हे वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजे, आणि कोणी जेवावयाचा राहिला असेल तर त्याने यावे अशी दवंडी देऊन त्यालाही वाढीत. वेद शिकविणारे अध्यापक, मुलांना अक्षरओळख करून देणारे पंतोजी, रोगांवर, सुजेवर आणि सर्पविषावर उपाय जाणणारे वैद्य ही माणसे छत्रावर तैनात असत. वाटेत आजारी पडून आलेल्यास औषध आणि त्याच्या प्रकृतीस मानवेल असे पथ्याचे जेवण मिळे व तो बरा होईपर्यंत त्याची आदराने शुश्रूषा होई; तान्ह्या मुलांस दूध, निराधारास वस्त्र, आणि छत्रातच कोणाचा काळ झाला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यविधी, अशी तरतूद होती.

या यादीकडे वृद्धाच्या डोळ्यांनी पाहावे म्हणजे तिचे शहाणपण ध्यानात येते. मध्यरात्रीची घंटा कोणासाठी होती? जथ्याच्या पुढे धावणारा तरुण तर दिवेलागणीलाच जेवून झोपलेला असणार. ती होती मागे राहिलेल्यासाठी. ज्याचा पाय वाटेत मुरगळला, ज्याने दर कोसावर झाडाखाली बसून श्वास घेतला आणि म्हणून ज्याला पोहोचावयास रात्र झाली, त्याच्यासाठी. सूज उतरविणारा वैद्य मुद्दाम का नेमावा लागला, हे आठवडाभर चालून पाऊल ज्याच्या वहाणेत मावेनासे झाले आहे त्याला विचारावे. आणि अंत्यविधीची तरतूद वाचून आज आपल्याला दचकल्यासारखे होते खरे. तथापि निरवानिरव करून निघालेल्या माणसाला, आपण वाटेत पडलो तर आपला देह रस्त्याकडेला राहणार नाही, एवढे आश्वासन जेवणापेक्षाही मोलाचे वाटले असेल. छत्राने म्हाताऱ्याला बळ दिले नाही. त्याच्या दुबळेपणाची आगाऊ दखल घेतली.

सरफोजी स्वतः यात्रेकरू झाला तो 1820 साली. तीन हजारांच्या आसपास माणसांचा लवाजमा बरोबर घेऊन तो काशीस गेला. वाटेत मुक्काम पडत ते नुसते तंबू ठोकण्यासाठी पडत नसत. दानधर्म, तीर्थविधी, देवळांची डागडुजी, विद्वानांची गाठभेट हे सर्व त्या मुक्कामांत होई. काशीच्या चौसष्ट घाटांची चित्रे आणि या काशी-प्रयाग-गया त्रिस्थळी यात्रेवर रचलेल्या मराठी लावण्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिल्या आहेत. ज्याच्या पदरी धन्वंतरी महाल नावाची वैद्यशाळा होती आणि ज्याच्या दप्तरात नेत्ररोग्यांवरील उपचारांच्या नोंदी सापडतात, त्या राजाला प्रवासातील शरीराच्या हालांची जाणीव पुस्तकी नव्हती.

मग आगगाडी आली. 1871 साली मुंबईची आणि मद्रासची लोहमार्गाची टोके रायचूर येथे जुळली. त्याच दशकात कुंभकोणास स्टेशन झाले. 1914 साली पांबनच्या खाडीवर पूल बांधला जाऊन रामेश्वर बेटापर्यंत रूळ गेले. जी वाट महिन्यांची होती ती दिवसांची झाली, आणि ज्या म्हाताऱ्यांनी सेतुबंधाचे नाव नुसते पोथीत ऐकले असते ते तेथे जाऊन परत येऊ लागले. हा उपकार लहान नव्हे. पण त्याची दुसरी बाजूही लेखी नोंदलेली आहे. 1917 साली गांधीजी मुंबईहून तेरा रुपये नऊ आण्यांचे तिकीट काढून याच वाटेने तिसऱ्या वर्गातून मद्रासेस गेले आणि त्यांनी त्या प्रवासाची हकीकत प्रसिद्ध केली: बावीस उतारूंच्या डब्यात बहुतेक वाटेत पस्तिसांहून कमी माणसे नव्हती, कोणी घाणीत जमिनीवर पडून, कोणी उभे, आणि रायचूरपासून पुढे तर दाटी असह्य झाली. पायी चालणारी आजी कोसाकोसावर बसू शकत होती. गाडीतील आजीला दोन रात्री बसावयास मिळेल की नाही याचीच भ्रांत. आगगाडीने चालणे वाचविले आणि त्याबरोबर मुक्कामही नेला. रस्त्यावरची छत्रे ओस पडू लागली. पुढे त्यांतील कोणाचे वसतिगृह झाले, कोणाची शाळा वा कचेरी, आणि काहींच्या भिंतींवर पिंपळ उगवले.

मुक्काम असा नाहीसा होण्याला सन्माननीय अपवाद कुंभकोणातच निघावा हा योग. कामकोटी पीठाचा मठ त्या काळी कुंभकोणात होता, आणि तेथील आचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी 1919 साली जी यात्रा आरंभिली ती वीस वर्षे चालली. त्यांचे तेव्हा वय पंचविशीचे, म्हणून ते राहू द्या. परंतु 1894 साली जन्मलेले हेच आचार्य वयाच्या पंचाऐंशीच्या घरात पुन्हा पायी निघून कर्नाटकमार्गे महाराष्ट्रात आले, आणि पंढरपूर-सातारा भागात राहिले. सातारच्या ‘उत्तर चिदंबरम्’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नटराज मंदिराची उभारणी त्यांच्याच प्रेरणेची. कुंभकोणास मराठी यात्रेकरू शतकानुशतके जात होते. ही त्याची परतभेट. पंचाऐंशी वर्षांच्या शरीराला हे कसे साधले? उत्तर पुन्हा तेच: थोडे चालावे आणि पुष्कळ मुक्काम करावा.

सहलीचा धंदा म्हणून जो आज आपण ओळखतो त्याचा आरंभ विलायतेत 5 जुलै 1841 रोजी झाला असे मानतात. टॉमस कुक याने त्या दिवशी पाचएकशे माणसे माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोस आगगाडीने नेली. मराठी मुलखात या धंद्याला ‘यात्रा कंपनी’ हे नाव पडले, आणि त्या नावातच त्याचे मराठीपण आहे. नाशिकच्या चौधरी यात्रा कंपनीपासून 1984 साली केसरी पाटील यांनी स्थापन केलेल्या केसरीपर्यंत अनेकांनी म्हाताऱ्या माणसांना ‘रामेश्वर-कन्याकुमारी’ घडविले, आणि पुष्कळांनी स्वतःचा आचारी व शिधा बरोबर नेण्याची जुनी वहिवाट चालू ठेवली. तंजावरला उतरून सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळावा या आग्रहाला तरुण हसतात. पण परक्या मुलखात साठीनंतरचे पोट बिघडले म्हणजे काय होते हे ज्याने भोगले आहे तो हसणार नाही. हे छत्रातले पथ्याचे जेवणच, नव्या पातेल्यात.

अशा एखाद्या जथ्याबरोबर पहाटे स्वामीमलैला यावे. कुंभकोणच्या पश्चिमेस सुमारे सहा किलोमीटरांवर माणसांनीच रचलेल्या टेकाडावर कार्तिकेयाचे हे देऊळ आहे, आणि त्याच्या पायऱ्या साठ. प्रभवापासून क्षयापर्यंत प्रत्येक संवत्सराची एक. आपल्या पंचांगातील आणि तामिळ पंचांगातील संवत्सरांची नावे एकच, त्यामुळे हा जिना मराठी माणसाला न शिकविता वाचता येतो. बसच्या दाराशी माहितगार व्यवस्थापक प्लास्टिकचे स्टूल ठेवतो, कारण बसची पहिली पायरी जमिनीपासून हातभर उंच असते आणि म्हाताऱ्या माणसाचा अर्धा प्रवास त्या एका पायरीत असतो. “काकू, आधी डावा पाय, घाई नाही,” असे तो म्हणतो. मग देवळाच्या पायथ्याशी गुडघ्यांचे पट्टे आवळले जातात, गोळ्यांच्या डब्या चाचपल्या जातात, साखरेच्या दुखण्याचे लोक खिशातला खडीसाखरेचा खडा पाहून घेतात, आणि चढण सुरू होते. वीस पायऱ्यांवर पहिला विसावा. कोणी आपल्या जन्माच्या संवत्सराची पायरी शोधतो, कोणी लग्नाची. एखादी बाई नवरा गेला त्या वर्षाच्या पायरीवर क्षणभर थांबते, आणि मागची मंडळी काही न विचारता थांबतात. साठ पायऱ्या चढून वर पोहोचलेला अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ सर्व संवत्सरे ओलांडून पुन्हा आठ पावले आत आलेला असतो, हे गणित वर बसून धापा टाकताना कोणीतरी मांडतोच. आणि जे वर येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी द्रोणातून प्रसाद खाली जातो.

या आनंदाचे पृथक्करण करू गेल्यास त्यात देवदर्शन थोडे आणि सोबत फार, असे आढळेल. घरी ज्याचे दुखणे हा इतरांच्या कामातला अडथळा असतो, त्याचे दुखणे येथे सर्वांचा सामायिक विषय होते. ज्या आजीला घरी ‘तू बस, तुला नाही जमायचे’ असे ऐकावे लागते तिला येथे दुसऱ्या आजीचा हात धरावयाचा असतो, म्हणून तिला जमते. कुंभकोणच्या पितळी डवऱ्यातली ‘डिग्री कॉफी’ इतकी कढत असते की पेला पदराच्या टोकाने धरावा लागतो. ती डवऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून डवऱ्यात ओतीत निवविण्यात जो वेळ जातो तेवढ्यात दोन अपरिचित विहिणींसारख्या बोलू लागतात. तेथून साठेक किलोमीटरांवरील तिरुक्कडैयूर येथे, मार्कंडेयासाठी शंकराने यमाला पराभूत केले त्या स्थानी, साठी आणि ऐंशी पुरी केलेली जोडपी पुन्हा मुंडावळ्यांच्या वयात गेल्यासारखी लग्नाला उभी राहतात. आपल्याकडच्या षष्ट्यब्दी आणि सहस्रचंद्रदर्शनाची ही दक्षिणी भावंडे पाहून मराठी जथ्यातील म्हातारे थट्टेत एकमेकांना कोपरखळ्या मारतात, पण म्हाताऱ्या गंभीर होतात. आणि परतीच्या वाटेवर गोविंदपुरमला मराठी घाटाचे उंच शिखर दिसते व आत विठ्ठल-रखुमाई भेटतात, तेव्हा सबंध बसला माहेरी आल्यासारखे होते.

शरीराचे हाल मात्र खोटे नाहीत आणि ते लपविण्यातही अर्थ नाही. दक्षिणेतील देवळांचे प्राकार लांब, उंबरठे उंच, अनवाणी चालण्याचा नियम कडक, आणि दहानंतर दगडी फरशी अशी तापते की काथ्याची चटई जेथे संपते तेथे वृद्ध माणूस हताश होऊन उभा राहतो. परंतु याच देवळांत एक सोय परंपरेने करून ठेवली आहे. दुपारी बारा-साडेबारापासून चारपर्यंत देव दार लावून घेतात. घाईचा व्यवस्थापक या चार तासांवर चरफडतो आणि तेवढ्यात आणखी एक गाव उरकावयास बघतो. शहाणा व्यवस्थापक मंडळींना जेवू घालून आडवे होऊ देतो. देवाला जी वामकुक्षी लागते ती भक्ताला लागू नये काय? सहा दिवसांत नवग्रहांची नऊ देवळे आणि वर रामेश्वर, असे जे वेळापत्रक छापले जाते, त्यात म्हाताऱ्यांचे पैसे धरलेले असतात. त्यांचे गुडघे धरलेले नसतात.

जथा बेताबाहेर वाढला आणि मुक्कामाचे भान सुटले म्हणजे काय होते, हेही याच तळ्याने पाहिले आहे. 18 फेब्रुवारी 1992 च्या महामाघात तळ्याकाठच्या चेंगराचेंगरीत पन्नासच्या आसपास यात्रेकरू दगावले. त्यानंतरच्या 2004 आणि 2016 च्या पर्वांत बंदोबस्त अधिक काटेकोर झाला, तळ्यातील पाणी बुडण्याजोगे न ठेवण्याची दक्षता घेतली गेली.

आता 2028 साली गुरु पुन्हा सिंहेत असताना महामाघ भरेल, आणि त्याच्या आगेमागे नाशिकचा सिंहस्थही असेल. दोन्हीकडे जाऊ म्हणणारी म्हातारी माणसे महाराष्ट्रात आतापासून पैसे बाजूला ठेवीत असतील. रेल्वेने ज्येष्ठांना दिलेली भाड्यातील सवलत मार्च 2020 मध्ये थांबविली. उलट महाराष्ट्र सरकारने 2024 साली साठीपुढील गरजूंसाठी तीर्थदर्शन योजना काढून माणशी तीस हजार रुपयांपर्यंत खर्च देऊ केला. दोन्ही गोष्टी तिकिटाच्या आहेत. तिकिटाने माणूस पोहोचतो. त्याने थांबावे कोठे, बसावे कशावर, रात्री उशिरा आला तर त्याला वाढावे कोणी, हे प्रश्न तिकिटाबाहेरचे. यात्रा कंपन्यांच्या चालकांना, देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांचे पैसे भरून मोकळे होणाऱ्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे की, वेळापत्रक आखण्यापूर्वी त्यांनी सरफोजीचे 1801 चे पत्र एकदा वाचावे. ते फार लांब नाही, आणि त्यात मागितलेली एकही गोष्ट आज महाग नाही.